वाचकांचे प्रश्न : रेड ग्रेंज आणि व्यावसायिक फुटबॉलची पहाट

गेल्या अंकात अमेरिकन फुटबॉलच्या सुरुवातीच्या काळावर एक टिपण छापलं होतं. त्यात हॅरल्ड ‘रेड’ ग्रेंज या खेळाडूचा उल्लेख चार ओळींत उरकला, अशी तक्रार अनेक वाचकांनी केली आणि सोबत प्रश्नही पाठवले. तक्रार रास्त आहे. प्रश्नांची उत्तरं पुढे देत आहोत.

प्रश्न : ग्रेंज मुळात कुठला? फुटबॉलकडे कसा आला? आणि आम्हाला हा खेळ फारसा ठाऊक नाही, तेव्हा आधी थोडे नियमही सांगाल का?

नियमांपासून सुरुवात करू, कारण पुढच्या सगळ्या उत्तरांना त्यांची गरज लागेल. मैदान शंभर यार्डांचं, दोन्ही टोकांना दहा-दहा यार्डांचे गोलपट्टे. प्रत्येक संघात अकरा खेळाडू. चेंडू ज्यांच्याकडे असेल त्यांना दहा यार्ड पुढे सरकायला चार डाव मिळतात. तेवढ्यात जमलं तर पुन्हा चार डाव, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांचा. चेंडू घेऊन गोलपट्ट्यात पोहोचलं की टचडाऊन, म्हणजे सहा गुण. ही बैठक १९१२ च्या नियमांनी पक्की झाली आणि ग्रेंज याच नियमांखाली खेळला. एक मोठा फरक मात्र लक्षात ठेवा. आज चढाईचे आणि बचावाचे खेळाडू वेगळे असतात. तेव्हा तेच अकरा जण दोन्ही कामं करत. बदली खेळाडूंवर कडक बंधनं होती, आणि बाहेर गेलेल्याला मनात येईल तेव्हा परत उतरता येत नसे.

ग्रेंजचा जन्म १३ जून १९०३ चा, पेनसिल्व्हेनियातल्या फोर्क्सविलचा. वडील लाकूडतोडीच्या तळावर मुकादम होते. आई तो पाच वर्षांचा असताना गेली आणि कुटुंब इलिनॉय राज्यातल्या व्हीटन या गावी आलं. शाळेत तो फुटबॉल, बेसबॉल, बास्केटबॉल आणि धावणं असे चारही खेळ खेळला. शालेय फुटबॉलमध्ये त्याच्या नावावर ७५ टचडाऊन आहेत. उन्हाळ्यात तो घरोघरी बर्फ पोहोचवायचा आणि त्याचे आठवड्याला साडेसदतीस डॉलर मिळायचे. पंचाहत्तर ते शंभर पौंडांची लादी चिमट्यात धरून जिने चढायचे, असं ते काम. हे त्याने कॉलेजात नाव झाल्यावरही सोडलं नाही, म्हणून वर्तमानपत्रं त्याला ‘व्हीटनचा बर्फवाला’ म्हणत. त्याची उंची सहा फुटांच्या किंचित आत आणि वजन पावणेदोनशे पौंडांच्या आसपास होतं. म्हणजे धिप्पाड नव्हता. पण मांड्या, खांदे आणि पकड या बर्फाने घडवल्या होत्या.

प्रश्न : १८ ऑक्टोबर १९२४ च्या मिशिगनविरुद्धच्या सामन्याबद्दल सगळेच लिहितात. त्या दिवशी प्रत्यक्षात काय घडलं?

इलिनॉय विद्यापीठाच्या शँपेन इथल्या मेमोरियल स्टेडियमचं त्या दिवशी औपचारिक उद्घाटन होतं. समोर मिशिगन होतं, वीस सामन्यांत न हरलेलं. दिवस उकाड्याचा होता. प्रशिक्षक बॉब झुपके यांनी ऐन वेळी मुलांना लोकरी मोजे काढायला लावले. त्या काळी उघड्या पायांनी कुणी खेळत नसे. पायांना काही चोपडलंय की काय, अशी शंका मिशिगनवाल्यांना आली आणि त्यांनी तपासणी करायला लावली.

सुरुवातीचीच किक ग्रेंजने स्वतःच्या पाच यार्डांच्या रेषेजवळ झेलली आणि ९५ यार्ड धावून टचडाऊन केला. त्यानंतर ६७ यार्डांची, ५६ यार्डांची आणि ४४ यार्डांची धाव. सामन्याची बारा मिनिटं झाली होती, चार टचडाऊन आणि २६२ यार्ड त्याच्या नावावर लागले होते. दमलेल्या ग्रेंजला झुपके यांनी बाहेर बसवलं. तिसऱ्या सत्रात तो परतला आणि ११ यार्डांची धाव घेऊन पाचवा टचडाऊन केला. चौथ्या सत्रात त्याने फेकलेल्या पासवर सहावा झाला. निकाल ३९-१४.

पहिल्याच किकवर एवढा दणका बसल्यावर मिशिगनने पुन्हा त्यालाच चेंडू का दिला, असं एका वाचकाने वेगळं विचारलं आहे. तेव्हाचं डावपेचांचं गणितच तसं होतं. गुण खाल्लेल्या संघाला किक घ्यायची की मारायची हे ठरवता येई. चेंडू फुगीर, पास फेकणं जोखमीचं आणि गुण थोडे, त्यामुळे चेंडू हातात असण्यापेक्षा समोरच्याला त्याच्या गोलाजवळ कोंडून चुकीची वाट पाहणं शहाणपणाचं मानत. मिशिगनने हेच केलं. नव्वद यार्ड लांबूनही गुण करणारा माणूस समोर असेल तर हे गणित कोसळतं, आणि ते त्या दिवशी भर मैदानात कोसळलं.

प्रश्न : तो इतरांपेक्षा वेगळा धावायचा म्हणजे नेमकं काय करायचा?

हा प्रश्न आम्हाला सगळ्यांत आवडला. तो सपाट वेगाने चांगलाच धावायचा, पण फक्त वेगाचं काम असतं तर त्या काळचे अनेक धावपटू फुटबॉलमध्ये गाजले असते.

इलिनॉयच्या रचनेत चेंडू मधल्या खेळाडूकडून चार-पाच यार्ड मागे उभ्या असलेल्या बॅककडे, म्हणजे मागच्या फळीतल्या खेळाडूकडे, थेट यायचा. ग्रेंज चेंडू घेऊन बाजूरेषेच्या दिशेने आडवा पळायचा, पूर्ण जोर न लावता. त्याच्यापुढे दोन-तीन सहकारी अडवणुकीसाठी धावत असत. फुलबॅक अर्ल ब्रिटन त्यांत प्रमुख होता. बचाव करणारे सगळे त्याच बाजूला ओढले जायचे. पुढचे सहकारी पहिल्या दोन-तीन बचावपटूंना भिडले की ग्रेंज बाहेरचा पाय रोवून एकदम आत, उलट दिशेला वळायचा आणि तिथून पूर्ण वेग घ्यायचा. बचावपटूंचं वजन चुकीच्या पायावर असायचं. त्यांनी वळेपर्यंत हा त्यांच्या पाठीमागे गेलेला असायचा.

यात तीन गोष्टी नेमक्या साधाव्या लागतात. आडवं पळताना धीर धरावा लागतो, कारण अर्धा सेकंद आधी वळलं तर सहकारी अजून भिडलेले नसतात. वळताना वेग फार कमी होऊ द्यायचा नसतो. आणि वळण्याआधी डावीकडचं-उजवीकडचं सगळं नजरेच्या कडेने दिसावं लागतं. ही तिसरी गोष्ट शिकवता येत नाही, असं ग्रेंज स्वतः मानायचा. दुसरी पूर्णपणे गुडघ्यावर अवलंबून असते. हे वाक्य ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

प्रश्न : १९२५ मध्ये इलिनॉयचा संघ का घसरला?

पुढच्या फळीतले अनुभवी खेळाडू पदवी घेऊन गेले होते. अडवणूक करणारे नसतील तर वर सांगितलेली धाव उभीच राहत नाही. पहिल्या चार सामन्यांत तीन पराभव झाले. झुपके यांनी मग ग्रेंजला क्वार्टरबॅकच्या जागी आणलं, म्हणजे डाव पुकारण्याची जबाबदारीही त्याच्याकडे आली.

फळ ३१ ऑक्टोबरला फिलाडेल्फियात दिसलं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचा संघ जबर होता आणि मैदान चिखलाने भरलं होतं. पूर्वेकडच्या वार्ताहरांना हा पश्चिमेकडचा गाजावाजा खरा वाटत नव्हता. झुपके यांनी एक गोष्ट हेरली होती. इलिनॉयने पुढची फळी एका बाजूला जड केली की पेनचे बचावपटू गरजेपेक्षा जास्त त्या बाजूला सरकत. मग जड बाजू दाखवायची आणि ग्रेंजला हलक्या बाजूने सोडायचं. त्याने ३६३ यार्ड काढले, तीन टचडाऊन केले आणि इलिनॉय २४-२ ने जिंकलं. आमच्या मते मिशिगनपेक्षा हा सामना मोठा. तिथे कोरडं मैदान आणि भक्कम साथ होती, इथे दोन्ही नव्हतं.

प्रश्न : व्यावसायिक करार कसा झाला? पैशांची वाटणी कशी होती?

शँपेनमध्ये सी. सी. पाइल नावाचा चित्रपटगृहांचा मालक होता. त्याने ग्रेंजला गाठलं आणि देशभर दौऱ्याची कल्पना मांडली. शेवटचा कॉलेज सामना २१ नोव्हेंबर १९२५ ला कोलंबसमध्ये ओहायो स्टेटविरुद्ध झाला. इलिनॉयने तो १४-९ ने जिंकला. सामना संपताच आपण कॉलेज सोडून व्यावसायिक खेळणार, हे ग्रेंजने जाहीर केलं आणि दुसऱ्या दिवशी शिकागो बेअर्सशी करार झाला. बेअर्सचे मालक तेव्हा दोघे होते, जॉर्ज हॅलस आणि डच स्टर्नमन.

वाटणी अशी : बेअर्सच्या वाट्याला आलेल्या तिकिटाच्या पैशातला अर्धा हिस्सा हॅलस-स्टर्नमनचा, अर्धा पाइल-ग्रेंजचा. या दुसऱ्या अर्ध्यात ग्रेंजचे साठ टक्के, पाइलचे चाळीस. म्हणजे शंभर डॉलर आले तर तीस ग्रेंजच्या खिशात आणि वीस पाइलच्या. साधा व्यावसायिक खेळाडू तेव्हा सामन्याला शंभर-दीडशे डॉलर मिळवायचा. संपूर्ण दौऱ्यातून ग्रेंजला लाखभर डॉलर मिळाले, असा सर्वमान्य अंदाज आहे. जाहिराती आणि चित्रपट यांचे पैसे वेगळे.

पाइलवर आजवर भरपूर टीका झाली आहे. पण ठरावीक मानधनाऐवजी तिकीटविक्रीतला वाटा मागण्याची त्याची समज अचूक होती. माणसं ग्रेंजला बघायला येणार होती, तेव्हा वाढत्या गर्दीचा फायदाही ग्रेंजला मिळायला हवा, हे त्याने बरोबर ओळखलं.

प्रश्न : त्या प्रसिद्ध दौऱ्याचं वेळापत्रक मिळेल का? त्यात ग्रेंजचं शरीर मोडलं असं वाचलं आहे.

पहिला सामना २६ नोव्हेंबरला, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, शिकागोत कार्डिनल्सविरुद्ध झाला. ३६ हजार लोक आले. व्यावसायिक फुटबॉलला चार-पाच हजार प्रेक्षक आले तरी मालक खूश होत, असे ते दिवस. सामना ०-० सुटला, कारण कार्डिनल्सचा पॅडी ड्रिस्कॉल प्रत्येक पंट, म्हणजे हातातून सोडून लाथेने दूर मारलेला चेंडू, ग्रेंजपासून लांब मारत राहिला. मिशिगनकडून धडा घेणारा तो खरा हुशार. तीन दिवसांनी, हिमवर्षावात, कोलंबस टायगर्सविरुद्ध आणखी २८ हजार आले.

त्यानंतरचं डिसेंबरचं वेळापत्रक असं : २ तारखेला सेंट लुईस, ५ ला फिलाडेल्फिया, ६ ला न्यूयॉर्क, ८ ला वॉशिंग्टन, ९ ला बोस्टन, १० ला पिट्सबर्ग, १२ ला डेट्रॉइट, १३ ला शिकागो. बारा दिवसांत आठ सामने. संघात जेमतेम सोळा-अठरा माणसं, सगळी चढाई आणि बचाव दोन्ही खेळणारी, आणि मधला प्रवास रात्रीच्या रेल्वेने.

काय बिघडलं ते तारखांवरूनच दिसतं. फिलाडेल्फियात ५ डिसेंबरला पावसाचिखलात सामना झाला. ग्रेंजने बेअर्सचे दोन्ही टचडाऊन केले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी संघ न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर उतरला. तिथे सत्तर हजारांच्या घरात गर्दी होती आणि तिथल्या जायंट्स संघाचा मार जबरी होता. ग्रेंजने समोरच्यांचा पास मध्येच पकडून टचडाऊन केला, बेअर्स १९-७ ने जिंकले, पण अंगावरचा प्रत्येक मुका मार पुढच्या सामन्यात तसाच गेला. सूज उतरायला लागणारे दोन-तीन दिवस वेळापत्रकात कुठेच नव्हते. बोस्टनमध्ये ग्रेंज थकलेला दिसला आणि संघ हरला. पिट्सबर्गला दंडाचा स्नायू फाटला आणि आत रक्त साकळलं. डेट्रॉइटला तो खेळूच शकला नाही, तेव्हा तिकिटांचे पैसे परत करावे लागले. शिकागोलाही तो बाहेरच बसला.

इथे आम्हाला स्पष्ट म्हणावंसं वाटतं की दोष खेळाडूच्या शरीराचा नव्हता, नियोजनाचा होता. ज्याच्यासाठी तिकीट विकलं जातं त्याचा हात निकामी होण्याची सोय आयोजकांनीच करून ठेवली होती. आठऐवजी पाच सामने ठेवले असते तर डेट्रॉइटची परतफेड टळली असती.

दुसऱ्या टप्प्यात शहाणपण आलं. नाताळच्या दिवशी फ्लॉरिडातल्या कोरल गेबल्सपासून सुरुवात झाली, मग टँपा, जॅक्सनविल, न्यू ऑर्लिन्स आणि पुढे पश्चिम किनारा. सामन्यांत बहुतेक ठिकाणी आठवड्याच्या आसपास अंतर होतं. लॉस एंजलिसला १६ जानेवारी १९२६ ला ७५ हजार लोक आले. दौरा ३१ जानेवारीला सिएटलमध्ये संपला. एकूण १९ सामने, ६७ दिवस.

न्यूयॉर्कच्या सामन्याबद्दल एक जोड. जायंट्स संघाचं ते पहिलंच वर्ष होतं आणि मालक टिम मारा कर्जात रुतले होते. त्या एका दुपारच्या तिकीटविक्रीने तोटा भरून निघाला. देशातल्या सगळ्यांत मोठ्या शहरातला संघ बंद पडला असता तर लीगचं, म्हणजे नॅशनल फुटबॉल लीगचं (एनएफएलचं), काय झालं असतं, याचा विचार ग्रेंजचं मोल ठरवताना करायला हवा.

प्रश्न : कॉलेज अर्धवट सोडून जाणं नियमात बसत होतं का?

तेव्हा बसत होतं. मोसम संपेपर्यंत आपण कशावरही सही केली नाही, असं ग्रेंजने कायम सांगितलं. पण कॉलेजांचे प्रशिक्षक खवळले. झुपके आणि त्याच्यात दीर्घ काळ अबोला राहिला. पैसे घेऊन खेळणं हलकं समजत, हे त्यामागचं कारण. कॉलेजांशी वैर परवडणार नाही हे लीगचे अध्यक्ष जो कार यांनी जाणलं. पुढच्याच वर्षी नियम आला : ज्याच्या वर्गाची पदवी अजून झालेली नाही, त्या खेळाडूला कुणी घ्यायचं नाही.

प्रश्न : १९२६ मध्ये त्याने वेगळी लीग का काढली?

काढली पाइलने. त्याला बेअर्सच्या मालकीत हिस्सा हवा होता, तो हॅलस आणि स्टर्नमन यांनी नाकारला. मग पाइलने यँकी स्टेडियम भाड्याने घेतलं आणि न्यूयॉर्कमध्ये नवा संघ मागितला. पण ते शहर जायंट्सचं असल्याने लीगने परवानगी दिली नाही. तेव्हा नऊ संघांची स्वतंत्र अमेरिकन फुटबॉल लीग उभी राहिली, तिच्यात ग्रेंजचा संघ न्यूयॉर्क यँकीज. एका मोसमात ती बुडाली. गर्दी खेचणारा खेळाडू एकच, त्याचा संघ आठवड्याला एकाच गावात खेळणार, बाकीच्या मैदानांवर कोण येणार? शिवाय प्रेक्षक दोन लीगमध्ये विभागले गेले आणि दोघींनाही तोटा झाला. १९२७ मध्ये यँकीज संघाला एनएफएलमध्ये सामावून घेतलं.

प्रश्न : गुडघ्याची दुखापत नेमकी कशी झाली? त्यानंतर तो पूर्वीसारखा का खेळू शकला नाही?

१६ ऑक्टोबर १९२७, शिकागो, आणि समोर त्याचाच जुना संघ बेअर्स. पासवर झेप घेऊन तो खाली आला तेव्हा बुटाचे खिळे गवतात रुतले. त्याच क्षणी बेअर्सचा अवजड सेंटर जॉर्ज ट्रॅफ्टन त्याच्यावर आदळला. पाय जागेवर जखडलेला आणि वरचं शरीर फिरलेलं. अशा वेळी सगळा पीळ गुडघ्यावर येतो. ट्रॅफ्टनने मुद्दाम केलं असं मानायला जागा नाही. ही धडक नेहमीचीच होती, घात केला तो रुतलेल्या खिळ्यांनी.

गुडघा सरळ धावताना बराच भार सोसतो, अगदी दुखरा असला तरी. पण पाय रोवून शरीर उलट दिशेला वळवताना मांडीचं हाड आणि नडगी एकमेकांवर पिळली जातात, आणि त्यांना आवरून धरण्याचं काम आतल्या अस्थिबंधांचं असतं. ते सैल झाले की गुडघा वळताना सटकतो. आता पुन्हा त्या तिसऱ्या उत्तराकडे या : ग्रेंजची सगळी कला त्या एका वळणात होती. आज अस्थिबंध शस्त्रक्रियेने नव्याने बसवतात आणि मग अनेक महिने व्यायाम करून घेतात. तेव्हा विश्रांती, शेक आणि पट्ट्या याशिवाय फारसं काही हाताशी नव्हतं. भरीला, काही सामन्यांनंतर तो त्याच मोसमात परत उतरला, कारण त्याच्या नावावर तिकिटं विकली गेली होती. हा निर्णय दुखापतीपेक्षा महागात पडला असावा, असं आमचं मत. १९२८ चं अख्खं वर्ष त्याने बाहेर काढलं.

प्रश्न : म्हणजे १९२७ नंतर कारकीर्द संपलीच ना?

मुळीच नाही, आणि हा गैरसमज दूर करायची संधी दिल्याबद्दल या वाचकाचे आभार. १९२९ मध्ये हॅलस यांनी त्याला बेअर्समध्ये परत घेतलं आणि १९३४ पर्यंत तो खेळला. लांब धावा गेल्या, पण ज्या नजरेने तो बचाव फोडायचा, त्याच नजरेने आता तो बचाव करू लागला. पळणारा कुठे वळणार हे त्याच्याइतकं कुणाला कळणार? मागच्या फळीतला बचावपटू म्हणून तो लीगमधल्या उत्तमांपैकी एक झाला. १९३१ मध्ये एनएफएलने पहिल्यांदा अधिकृत सर्वोत्तम संघ निवडला, त्यात तो होता.

दोन प्रसंग सांगायलाच हवेत. १८ डिसेंबर १९३२ ला विजेतेपदाचा निर्णायक सामना पोर्ट्समथ स्पार्टन्सविरुद्ध होता. बर्फ आणि थंडी इतकी की तो शिकागो स्टेडियमच्या छताखाली, सर्कससाठी पसरलेल्या मातीवर, जेमतेम ऐंशी यार्डांच्या अरुंद मैदानावर खेळवला. चौथ्या सत्रात बेअर्सच्या ब्रॉन्को नागुर्स्कीने गोलरेषेवर घुसण्याची हूल दिली, मागे सरकला आणि ग्रेंजकडे पास टाकला. टचडाऊन. डाव जिथून सुरू होतो त्या रेषेच्या पाच यार्ड मागे पास फेकणारा हवा, हा तेव्हाचा नियम. नागुर्स्की तेवढा मागे नव्हता, असा आक्षेप पोर्ट्समथने घेतला, पण पंचांनी तो फेटाळला. बेअर्स ९-० ने जिंकले. पुढच्या वर्षी एनएफएलने पाच यार्डांची अट काढून टाकली आणि रेषेच्या मागून कुठूनही पास फेकायला मोकळीक दिली. आजचा पासवर चालणारा व्यावसायिक खेळ त्या बदलावर उभा आहे.

दुसरा प्रसंग १७ डिसेंबर १९३३ चा, जायंट्सविरुद्धच्या अंतिम सामन्यातला. बेअर्स २३-२१ ने पुढे, अखेरचा डाव. जायंट्सच्या रेड बॅडग्रोने पास झेलला, बाजूला त्याचा सहकारी मोकळा धावतोय आणि मागे बचावात एकटा ग्रेंज. नेहमीप्रमाणे कमरेखाली पकडलं असतं तर बॅडग्रोचे हात मोकळे राहिले असते. पडता पडता त्याने चेंडू सहकाऱ्याकडे टाकला असता आणि सामना गेला असता. ग्रेंजने त्याला छातीपाशी कव घातली, हात आणि चेंडू दोन्ही जखडले आणि तसंच खाली आणलं. वेळ संपली. तेवढ्या क्षणात दोन शक्यता तोलून तिसरा उपाय काढणं, हे आम्हाला त्या बारा मिनिटांच्या बरोबरीचं वाटतं.

प्रश्न : पैसे घेऊन खेळणारा पहिला फुटबॉलपटू ग्रेंजच का?

नाही. नोंद सापडलेला पहिला म्हणजे येल विद्यापीठाचा विल्यम ‘पज’ हेफेलफिंगर. १२ नोव्हेंबर १८९२ ला अ‍ॅलेगेनी अ‍ॅथलेटिक असोसिएशनने पिट्सबर्ग अ‍ॅथलेटिक क्लबविरुद्ध खेळायला त्याला ५०० डॉलर आणि प्रवासाचे २५ डॉलर दिले. त्याने समोरच्यांच्या हातून निसटलेला चेंडू उचलून टचडाऊन केला आणि संघ ४-० ने जिंकला, कारण तेव्हा टचडाऊनचे चारच गुण असत. त्या हिशेबाचा कागद ओहायोतल्या कँटन इथल्या व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये जपला आहे. पुढे १९१५ मध्ये जिम थॉर्पला कँटन बुलडॉग्ज एका सामन्याचे २५० डॉलर देत होते. ग्रेंजचं वेगळेपण पैसे घेण्यात नाही. कॉलेजचा प्रेक्षक तो आपल्या मागोमाग व्यावसायिक मैदानावर घेऊन आला, हे त्याचं वेगळेपण.

प्रश्न : त्याचे आकडे प्रत्येक ठिकाणी वेगळे दिसतात. कोणते खरे मानावेत?

एनएफएलने अधिकृत आकडेवारी १९३२ पासून ठेवली आणि कॉलेज फुटबॉलची राष्ट्रीय पातळीवरची नोंद १९३७ मध्ये सुरू झाली. म्हणजे ग्रेंजची सगळी कॉलेज कारकीर्द आणि व्यावसायिक कारकिर्दीतला मोठा भाग नोंदींच्या आधीचा. तेव्हाचे आकडे वर्तमानपत्रांतल्या वर्णनांवरून नंतर जुळवलेले आहेत. आकडा दिसला की आधी दोन गोष्टी पाहा. एक, त्यात फक्त चेंडू घेऊन केलेल्या धावा आहेत की किक आणि पंट परतवतानाचे यार्डही धरले आहेत. पेनविरुद्धचे ३६३ हे सगळं धरून आहेत. दोन, दौऱ्यातले लीगबाहेरचे सामने मोजलेत का. टचडाऊन आणि सामन्यांचे निकाल मात्र विश्वासाने घ्या, ते सहसा चुकत नाहीत. कॉलेजमध्ये २० सामन्यांत ३१ टचडाऊन, हा आकडा पक्का आहे.

प्रश्न : ग्रेंजच्या जर्सीचा ७७ क्रमांक आज कुणी घालतं का?

इलिनॉय विद्यापीठ आणि शिकागो बेअर्स या दोघांनीही तो निवृत्त केला आहे. खेळणं थांबल्यावर ग्रेंज १९३७ पर्यंत बेअर्सचा सहायक प्रशिक्षक होता, पुढे अनेक वर्षं सामन्यांचं समालोचन करायचा. कॉलेज हॉल ऑफ फेमच्या १९५१ च्या आणि व्यावसायिक हॉल ऑफ फेमच्या १९६३ च्या, दोन्ही पहिल्याच तुकड्यांत त्याचं नाव आहे. २८ जानेवारी १९९१ रोजी फ्लॉरिडात वयाच्या ८७ व्या वर्षी तो वारला.